शेळीचा कप्पा

श्रीमती कोंडाबाई चांगदेव नेहरकर. वय अंदाजे पासष्ट. राहणार खडकमळा, येडगाव धरणाच्या पाण्यालगत, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. कुटुंबप्रमुखाशी नाते: आई. शिक्षण: सही येते. व्यवसाय: काही नाही. अपंगत्व: नाही. घर: पक्के, तिन्ही बाजूंनी ऊस. पाळीव जनावरे: दोन म्हशी, एक कुत्रा (होता). वन्यप्राण्यांपासून धोका: आहे. अन्य कोणापासून धोका: नाही.

बिबट्याच्या टापूतल्या कुटुंबांची पाहणी करायला आलेल्या मुलानं हे सगळं ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइलमध्ये भरून घेतलं. ‘व्यवसाय: काही नाही’ हे कोंडाबाईनं स्वतःच सांगितलं. तेव्हा तिच्या एका हातात नुकत्याच काढलेल्या धारेची किटली होती आणि दुसऱ्या हातात त्या मुलासाठी चहा. शेवटच्या प्रश्नाला ती जराशी अडखळली. पण कुटुंबप्रमुख शेजारच्याच खुर्चीत बसलेला होता, त्यामुळे उत्तर लवकर सुचलं.

कुटुंबप्रमुख म्हणजे समाधान, तिचा एकुलता एक मुलगा. वय अडतीस. स्वतःचं पिकअप, त्यात कांदा, टोमॅटो, ज्याचा हंगाम असेल ते भरून नारायणगावच्या नाहीतर मंचरच्या बाजारात न्यायचं. शिवाय गावातल्या बिबट्या कृती दलात तो पहिल्या दिवसापासून होता. हे दल म्हणजे गावातल्याच धीट पोरांचं. त्यांना जाकीट, शिट्टी, बॅटरी आणि काठी मिळालेली. कुणाच्या गोठ्यात बिबट्या शिरला की आधी समाधानला फोन जायचा, मग वन खात्याला. एकदा विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाजेवर घेऊन वर काढताना दोर धरणाऱ्यांत तो सगळ्यात पुढं होता. त्याचा फोटो अजून लोकांच्या मोबाइलमध्ये फिरतो. ‘समाधानशेठ, वाघ हाय राव तू,’ असं लोक म्हणतात. तो हसतो. हसला की गालाला खळी पडते.

तो दारू पीत नाही. तंबाखू नाही, मटका नाही. याची गावाला जरा अडचणच झाली होती. नवरा पिऊन मारत असला की गावाकडं उत्तर तयार असतं, दारू वाईट. समाधान शुद्धीत मारायचा. त्यामुळे दोष नेमका कुठं ठेवावा, हा प्रश्न मळ्यातल्या जाणत्या माणसांपुढं आला, आणि बराच विचार करून त्यांनी तो शीलाच्या जिभेवर ठेवला. शीला त्याची बायको, माहेर अवसरी बुद्रुकचं. बारावी शिकलेली, हिशेबाला पक्की, आणि एखादी गोष्ट चुकीची असली तर चुकीची आहे असं म्हणण्याची खोड असलेली. ‘तोंडानं जरा फटकळ हाय,’ असं बायका म्हणायच्या, आणि तिच्या हनुवटीवरचा काळानिळा डाग त्या फटकळपणाचाच भाग असल्यासारखा बघायच्या.

प्रकरण दोनदा मिटलं होतं. मिटवण्याची रीत ठरलेली आहे. मळ्याच्या खंडोबाच्या देवळात चार माणसं बसतात, पोलीस पाटील अमृत मध्यभागी. नवरा देवापुढचा भंडारा तळहातावर उचलतो आणि पुन्हा हात उगारणार नाही अशी शपथ घेतो. बायकोनं उलट बोलणार नाही असं म्हणायचं असतं. तिला भंडारा उचलावा लागत नाही, नुसतं म्हटलं तरी चालतं. मग गूळखोबरं वाटतात, चहा होतो, आणि ज्यानं मारलं तो ज्याच्या त्याच्या पाया पडतो. बायकोच्या पाया पडायची रीत नाही. दोन्ही वेळा त्यांची पोरं, वृषाली आणि शौर्य, देवळाच्या पायरीवर बसली होती. पोरं लहान आहेत, त्यांना काय कळतंय, असं धरून त्यांच्याही हातावर गूळखोबरं ठेवलं गेलं. वृषाली नऊ वर्षांची आहे, शौर्य पाच.

आता कोंडाबाई काय करायची ते सांगायला हवं, कारण घरात ती होती आणि तिला हातपाय होते.

ती टीव्ही मोठा करायची.

आतल्या खोलीत आवाज चढला, भांडं पडलं, की कोंडाबाई बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायची. हिंदी मालिका असायची. तीतल्या दागिन्यांनी मढलेल्या सुना एकमेकींकडं बघताना ढग गडगडावेत तसं संगीत वाजायचं, ते संगीत तिच्या कामाचं होतं. हिंदी तिला अर्धंमुर्धं कळायचं. पोरांना जवळ ओढून ती म्हणायची, “बघा, बघा, आता ती सासू काय करती ते.” शेजारी ऐकू जाऊ नये, पोरांना ऐकू येऊ नये, असा तिचा त्यात दुहेरी हेतू होता. पहिला थोडाफार साधला. दुसऱ्याचं असं झालं की शौर्य चार वर्षांचा असतानाच, आतल्या खोलीचं दार लागलं की पळत जाऊन रिमोट आणून आजीच्या हातात द्यायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं. कोंडाबाईनं पहिल्यांदा त्याला शाबासकी दिली.

वृषालीचं वेगळं. तिला आतल्या खोलीपर्यंत थांबावं लागत नसे. पिकअप अंगणात आलं की हँडब्रेक कसा ओढला यावरून तिला संध्याकाळ कळायची. हळू ओढला की ती अभ्यास करत बसायची. खाडकन ओढला की दप्तर भरायची, आईनं वाळत घातलेले कपडे घडी घालायची, भाजीतलं मीठ पुन्हा चाखून बघायची, शौर्यचं नाक पुसायची. घरात चूक म्हणून सापडण्यासारखं काही राहू नये यासाठी नऊ वर्षांची पोर अंगणापासून मोरीपर्यंत फिरायची. पाहुणे म्हणायचे, लई गुणाची पोर हो. मग तिच्या भुवया विरळ व्हायला लागल्या. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, ती एकेक केस धरून उपटायची. आंघोळीला बसवलं की रडायची नाही, पडली तरी रडायची नाही. अंथरुण मात्र ओलं करायची, आणि पहाटे उठून ते कुणाला न सांगता धुवायची.

कोंडाबाईला हे सगळं दिसत होतं. तिला याहून वाईट एक गोष्ट दिसली आणि तिथून तिच्या पोटात जाळ पेटला.

झालं असं. शीला चुलीपुढं बसून दंडाला हळद लावत होती. वृषाली जवळ जाऊन उभी राहिली, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, “मम्मी, तू गप बसत जा ना. तू बोलतीस म्हणून मारतात पप्पा.”

शीला हळद लावत राहिली. कोंडाबाईच्या हातातलं सूप मात्र तसंच राहिलं. कारण हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. याच घरात, याच सुरात.

चांगदेव, तिचा नवरा, तो पिऊन मारायचा. त्याच्या बाबतीत गावाची अडचण नव्हती. तेव्हा समाधान एवढासा होता. बाप आईवर धावला की तो मध्ये पडायचा. एकदा लाटणं घेऊन बापापुढं उभा राहिला होता, हलला नाही. बापानं त्याला उचलून ओट्यावरून खाली टाकलं, मनगट मोडलं. सगळ्या मळ्याला सांगितलं, पोरगं झाडावरून पडलं. कोंडाबाईनंच सांगितलं. त्या पोरानं असे मार किती खाल्ले याला गणती नाही. मग तो मोठा व्हायला लागला, ओठावर लव यायला लागली, आणि एक दिवस बाप मारत असताना तो मध्ये पडला नाही. जेवत बसला. बाप बाहेर गेल्यावर म्हणाला, “आई, तू गप बसत जा ना. तू कशाला बोलती त्यांना?”

तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पोरगं शहाणं झालं, आता मार खाणार नाही, असं वाटलं होतं. आता तेच वाक्य नातीच्या तोंडून ऐकताना तिला कळलं की त्या दिवशी पोरगं शहाणं झालं नव्हतं. ते पलीकडं गेलं होतं. लाटणं घेऊन उभा राहणारा पोरगा त्या दिवशी मेला, आणि आपण त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

एवढं कळून तिनं काय केलं? काही नाही. जाळ पोटात असतो, तो बाहेरून दिसत नाही. संध्याकाळी तिनं टीव्ही लावला.

ऊसतोड सुरू झाली तशी बिबटे मोकळ्यावर आले. नेहरकरांचा कुत्रा एका पहाटे साखळीसकट नाहीसा झाला. जुन्नर तालुक्यात बिबट्याच्या बाबतीत कुणी हयगय करत नाही. शाळेत लगेच कार्यक्रम झाला. वनरक्षक अश्विनी मॅडम आल्या, मदतीला कृती दलाचे समाधानशेठ. खुरपताना वाकून बसायचं नाही, वाटेनं मोबाइलवर गाणी लावून जायचं, घोळक्यानं जायचं, असं सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी विचारलं, “मग मुलांनो, अंधार पडला की सगळ्यात सुरक्षित जागा कुठली?”

“घर!” सगळी शाळा ओरडली.

“ऊस,” वृषाली म्हणाली. ती पहिल्याच ओळीत होती, त्यामुळे ऐकू गेलं.

पोरं खदखदून हसली. मास्तर हसले. समाधान हसला नाही. त्यानं पोरीकडं बघितलं, आणि तिनं लगेच खाली मान घालून “घर” असं म्हटलं.

मास्तरांनी मात्र मनावर घेतलं. पोरगी आधीच गप्प, भुवया उपटते, वहीवर डोकं ठेवून झोपते, आणि आता हे असलं उलटंसुलटं बोलणं. त्यांनी सरळ निदान केलं, कुत्रा गेल्यापासून पोरीनं बिबट्याचा धसका घेतलाय. मळ्याला ते पटलं. या भागात पोर रडलं, तापलं, दचकलं, तर बिबट्याचं नाव पहिलं येतं. दुसरं यायची वेळच येत नाही. शेजारच्या साळुबाईनं दृष्ट काढली. कुणी गंडा बांधला. समाधाननं तर वन खात्याच्या हपिसात खेटे घालून घरामागं पिंजरा मंजूर करून आणला. “पोरीसाठी. तिला झोप लागंना रात्रीची,” असं तो सांगायचा, आणि सांगताना खरोखर डोळे पुसायचा. बाप असावा तर असा, असं लोक म्हणाले.

पिंजरा ट्रॅक्टरवरून आला. लांबलचक लोखंडी खोकं, पुढं वर उचललेलं दार, आणि मागच्या टोकाला जाळी घालून वेगळा केलेला एक कप्पा. त्या कप्प्यात शेळी बांधायची. शेळी एकटी पडली की ओरडते. त्या ओरडण्याला बिबट्या येतो, पुढच्या दारानं आत शिरतो, दार पडतं.

वृषाली जवळ येऊन बघत होती. अश्विनी मॅडमना वाटलं, पोरीची भीती मोडायची हीच संधी. “ये, हात लाव. भिऊ नको.”

“शेळीला खातो का मग तो?”

“नाही गं. मध्ये जाळी आहे ना. त्यानं कितीही आपटलं, ओरडला, तरी शेळीपर्यंत पोचत नाही. तिला ओरखडासुद्धा येत नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

वृषालीनं मागचं छोटं दार नीट निरखलं. त्याला बाहेरून कडी होती आणि कडीला तारेचा तुकडा. “मॅडम, ही कडी आतून लावता येती का?”

“शेळीला कशाला लागते आतून कडी?” मॅडम हसल्या. कोंडाबाई शेळीला पाला टाकत होती, ती पण हसली.

मग आठवड्यानं ती संध्याकाळ आली. पिकअप आलं, हँडब्रेक खाडकन ओढला गेला. कारण असं होतं की समाधाननं वाटेतून फोन केला तेव्हा शीलाचा फोन बिझी लागला होता. ती भावाशी, अवसरीच्या भरतशी बोलत होती. हे कारण इथं एवढ्यासाठीच दिलं, की वाचणाऱ्याला कारण लागतं. समाधानला लागत नव्हतं.

आतल्या खोलीचं दार लागलं. शौर्यनं रिमोट आणला. कोंडाबाईनं आवाज वाढवला. पडद्यावर कुणाचं तरी लग्न चाललं होतं, ढोल वाजत होते. तिनं आणखी वाढवला.

आणि लाईट गेली.

ढोल मध्येच तुटले. अंधारात आतल्या खोलीतलं सगळं बाहेर आलं. शीलाचा आवाज नव्हता, ती आता ओरडत नसे. समाधानचा आवाज होता, अगदी शांत, एखाद्या मुलाला पाढे शिकवावेत तसा, “कुणाशी बोलत व्हती? परत सांग. परत सांग.” प्रत्येक ‘सांग’नंतर दुसरा एक आवाज. कोंडाबाई रिमोटचं बटण दाबत राहिली. लाईट गेलीय हे तिला माहीत होतं, तरी दाबत राहिली. कणीक तिंबताना येतो तसला तो आवाज होता. इतकी वर्षं टीव्हीच्या आड ठेवलेलं तिनं पहिल्यांदा पुरतं ऐकलं, आणि जवळ बसलेल्या दोन पोरांनीही ऐकलं. फरक एवढाच, की त्यांना ते नवीन नव्हतं.

लाईट आली तेव्हा पोरं जवळ नव्हती. साळुबाईकडं गेली असतील, असं तिला वाटलं. अशा संध्याकाळी ती कधीकधी तिकडंच झोपायची. शीलालाही तेच वाटलं. समाधान जेवला.

सकाळी साळुबाई दुधाला आली, एकटी.

“पोरं उठली न्हाईत व्हय अजून?” कोंडाबाईनं विचारलं.

“कुणाची पोरं?”

मग जे झालं ते त्या मळ्याला पाठ आहे. ओरडा झाला, मोटारसायकली आल्या, कृती दल आलं. समाधाननं जाकीट चढवलं, शिट्टी फुंकली, माणसांच्या ओळी करून उसात घातल्या. तो रडत होता आणि काम करत होता, दोन्ही खरं होतं. सगळा मळा त्या उसात रक्ताचा माग शोधत होता. वन खात्याची जीप घेऊन अश्विनी मॅडम आल्या. मोबाइलवर बातम्यांचा चॅनेल चालवणारा आदेश नावाचा तरुण नारायणगावहून आला. शीला पदरात उजवा हात गुंडाळून दारात उभी होती. तो हात तिला उचलता येत नव्हता हे त्या गडबडीत कोंडाबाईशिवाय कुणी बघितलं नाही.

कोंडाबाई उसात गेली नाही. गोठ्यापाशी उभी राहून ती एकच गोष्ट आठवत होती. पिंजरा आल्यापासून शेळी रोज रात्रभर ओरडायची, डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही. काल रात्री शेळी एकदाही ओरडल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. एकटी शेळी गप्प बसत नाही. सोबत असली तरच बसते.

ती घरामागं गेली. मागच्या कप्प्यात गवतावर शेळी बसलेली होती, तिच्या पोटाला टेकून शौर्य झोपलेला, आणि त्याच्यामागं गुडघे पोटाशी घेऊन वृषाली, जागी. दार आतून तारेनं बांधून टाकलेलं होतं, अनेक वेढे घालून. पुढचं दार वरच होतं. तिकडून कुणीही येऊ शकत होतं. मध्ये जाळी होती.

“वृषे,” कोंडाबाई म्हणाली.

“आज्जी, पप्पांना सांगू नको.”

पण तोवर कुणीतरी बघितलं होतं. सगळा ऊस ओस पडला आणि शीलासकट सगळी गर्दी पिंजऱ्याभोवती झाली. समाधान धावत आला, गुडघ्यावर बसला. “बाळा! ये भाईर. गेला बिबट्या. पप्पा आलाय ना आता.”

वृषालीनं तारेवर हात ठेवला आणि ती आणखी मागं सरकली.

“लई भ्याली हाय पोर.”

“भ्याली तर काय, डोकं बघा राव तिचं! बिबट्या आला तर पिंजऱ्यात जाऊन बसायचं, हे कुणाला सुचंल?”

“बापावर गेलीय.”

लोक हसले, सुटल्याचं हसू. आदेशनं मोबाइल सरसावला. ‘बिबट्याच्या दहशतीने चिमुकल्यांनी पिंजऱ्यात काढली रात्र’ हे तो बोलून मोकळा झाला होता. त्याला आता म्हातारं माणूस हवं होतं. “आजी, इकडं बघा. भीती वाटते ना?”

“वाटती,” कोंडाबाई म्हणाली.

“मोठ्यानं बोला. कशाची?”

“माझ्या पोराची. ह्या समाधानची.”

आदेशनं मोबाइल जरा खाली घेतला. “आजी, बिबट्यावर बोला ना.”

“बिबट्याचं काय इचारतो रं? बिबट्यानं कुत्रा नेला. ह्यानं शीलाचा हात मोडलाय काल. तो बघ, पदरात हाय. पोरं बिबट्याला भिऊन न्हाई शिरली हितं. घराला भिऊन शिरली.”

मग पोलीस पाटील अमृत पुढं आला, खालच्या आवाजात, कुणाच्या मयतीला बोलावं तसा. “काकू, चव्हाट्यावर न्हाई. घरातलं हाय, बसून मिटवू. संध्याकाळी देवळात—”

“मिटवू नका!” ती इतक्या जोरात ओरडली की शौर्य उठला. “दोनदा मिटवलं तुमी. भंडारा उचलला ह्यानं, तुमी च्या पिला. पोरं पायरीव बसली व्हती, समदं ऐकत व्हती. त्यांच्या हाताव गूळखोबरं ठिवलं तुमी! आठ दिसांत पुन्हा त्येच. मंग त्या पोरीनं काय वळखायचं? हेच ना, की हितं चार माणसं हायेत आन् च्यारी बापाची. म्या बी. म्या टीव्ही मोठा करीत व्हते.”

“आई, गप बस,” समाधान म्हणाला.

आणि पिंजऱ्यातून, घाबऱ्या घाबऱ्या, वृषाली म्हणाली, “आज्जी, गप बस ना. बसत जा ना गप.”

बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. कोंडाबाईनं समाधानकडं बघितलं. त्यानंही ते ऐकलं होतं. एक क्षण त्याचा चेहरा असा झाला, की लाटणं घेतलेला तो पोरगा कुठूनतरी बघतोय असं तिला वाटलं. मग तो पोरगा गेला. “तुझ्यापायी बापाचा मार खाल्ला म्या,” समाधान दात आवळून म्हणाला. “मनगट मोडून घेतलं. तू मला बोलती?”

“खाल्ला. म्हैत हाय. आन् झाडावरनं पडला म्हणून म्याच सांगितलं. तुझ्या येळंला तुला कुणी पिंजरा दिला न्हाई, त्ये माझं पाप. पर त्ये तिच्या माथी न्हाई मारायचं. आन् म्या गप बसत न्हाई. उचल हात, हाय तुझी गर्दी हितं, दाव त्यांना.”

त्यानं हात उचलला नाही. लोकांपुढं तो कधीच उचलत नसे. एवढा ताबा त्याला होता, आणि तो ताबा बघूनच कोंडाबाईला त्याची सगळ्यात जास्त चीड आली.

बिबट्या अडकला की काय करायचं याचं अश्विनी मॅडमना शिक्षण होतं, याचं नव्हतं. शेवटी त्यांनी जे येत होतं तेच केलं. “पिंजऱ्याजवळ गर्दी नको. सगळे मागं व्हा. रस्त्यापर्यंत. समाधानभाऊ, तुम्ही पण.”

“माझी पोरं हायेत, मॅडम.”

“म्हणूनच म्हणते. रस्त्यापर्यंत.”

तो रस्त्याला लागला, बांधाच्या वळणाआड दिसेनासा झाला, तेव्हा वृषालीनं तारेचे वेढे उलटे फिरवायला घेतले. बोटं कापली होती, वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

दुपारी भरत अवसरीहून गाडी घेऊन आला. शीला आणि पोरं आधी दवाखान्यात गेली, मग पोलीस ठाण्यात, मग अवसरीला. कोंडाबाई ठाण्यापर्यंत गेली, जबाब दिला, खाली सही केली. मग एसटीनं मळ्यात परत आली, कारण म्हशी होत्या. वाटेत तिच्याशी कुणी बोललं नाही. स्वतःच्या पोराला गजाआड घालायला निघालेली बाई, असं तिच्याबद्दल अजून बोलतात. समाधान जामिनावर बाहेर आहे. कृती दलानं त्याचं जाकीट परत मागितलेलं नाही. साळुबाई तेवढी दुधाला येते, पण तीही उंबऱ्याबाहेरच किटली पुढं करते आणि म्हणते, “कोंडे, पोराचं इतकं वाईट चितायचं नसतं गं.” कोंडाबाई दूध मापते.

आदेशची बातमी त्याच दिवशी गेली, आहे त्या मथळ्याखाली. त्यात कोंडाबाई दिसते. ती “वाटती” असं म्हणते, तिथंच ती संपते. लोकांना बातमी आवडली.

घटनेची नोंदही रीतसर झाली. पिंजरा पुढच्या मळ्यात हलवण्यात आला. दोन्ही बालके सुखरूप. बालकांना शारीरिक इजा: किरकोळ, बोटांना. मानसिक परिणाम: आढळला नाही.

परवा अवसरीहून शीलाचा फोन आला. शौर्यनं मामाच्या मुलीच्या कानफटात मारली. तिनं पाणी आणायला उशीर केला होता.